रबराची जमीन

आपल्या घरी जमीन कशी करतात, ते तुम्हांला सांगायला नको. माती पसरायची, पाणी मारायचे, चोपण्याने चोपायची. ती बसली, वाळली, म्हणजे मग शेणाने सारवायची. सारवण वर दिसते, चोपणी दिसत नाही. पण चोपणी कच्ची राहिली, तर चार दिवसांत पोपडे निघतात. मग दोष सारवणाचा नसतो, चोपणीचा असतो.

शहरातल्या जमिनीलाही हाच नियम लागू आहे. तिथे माती नसते, सिमेंट असते. वर शेण नसते, लादी असते, नाहीतर रबराचा पत्रा असतो. पण खालचे काम कच्चे असेल, तर वरचे टिकत नाही. हे ज्याला कळले, त्याला जमिनीचे काम कळले.

रबराची जमीन घालणे हे एक हातकाम आहे. ते शिकायला फार दिवस लागत नाहीत. मोठे भांडवलही लागत नाही. मात्र ते समजून करावे लागते. म्हणून आम्ही या पाठात ते पायरी-पायरीने सांगत आहोत.

पार्ल्याच्या जमिनी

विलेपार्ले हे मुंबईचे उपनगर. लोक नुसते पार्ले म्हणतात. चर्चगेटहून लोकल गाडीने निघाले, की अंधेरीच्या अलीकडचे स्टेशन. कोकणातून आणि घाटावरून आलेली पुष्कळ मंडळी इथे राहिली, रुजली.

पार्ल्याच्या जुन्या घरांत शहाबादी फरशी असे. शहाबाद हे कर्नाटकातले गाव. तिथल्या खाणीवरून त्या दगडाला हे नाव पडले. ओट्याला काळा कडप्पा. तो आंध्रातला. पुढे सिमेंटच्या रंगीत लाद्या आल्या. १९२२ साली 'भारत फ्लोअरिंग टाइल्स' नावाचा स्वदेशी कारखाना निघाला. परदेशातून येणाऱ्या लाद्या इथेच कराव्यात, असा त्याचा हेतू होता. मग मोझेक आले. आता गुजरातेतल्या मोरबीच्या चकचकीत लाद्या घरोघर दिसतात. जुने बंगले आणि जुन्या इमारती पाडून तिथे नवे मजले चढत आहेत.

पण दगड आणि लादी सगळीकडे चालत नाही. पार्ल्यात मोठी इस्पितळे आहेत, कॉलेजे आहेत, व्यायामशाळा आहेत. विमानतळाची एक इमारतही पार्ल्याच्या हद्दीत आहे. आता बघा, व्यायामशाळेत कुणाच्या हातून लोखंडी वजन पडले, तर लादी फुटते. आजारी माणूस गुळगुळीत लादीवरून घसरतो. वरच्या मजल्यावर खुर्ची सरकली, की खाली आवाज जातो. अशा जागी रबराची जमीन बरी पडते. ती पायाला मऊ लागते, घसरत नाही, आवाज खाते.

एक गोष्ट मात्र आधीच सांगून ठेवतो. साधी रबरी जमीन विजेच्या धक्क्यापासून वाचवील, असे समजू नका. विजेच्या पेटीसमोर टाकायची रबरी चटई वेगळी असते. तिच्यासाठी सरकारने ठरवलेले मानक आहे. त्याचा नंबर आय.एस. १५६५२. तो छापलेला असेल तीच चटई तिथे टाकावी.

रबर येते कुठून?

रबर झाडातून येते. झाडाची साल तिरपी कापतात. तिच्यातून दुधासारखा चीक ठिबकतो. तो वाटीत धरतात. केरळात रबराचे मोठमोठे मळे आहेत. आपल्याकडे सिंधुदुर्ग जिल्ह्यात, दोडामार्ग आणि सावंतवाडी भागांतही रबराची लागवड झाली आहे.

नुसत्या चिकाचे रबर उन्हात चिकट होते आणि थंडीत कडक पडते. १८३९ साली अमेरिकेतल्या चार्ल्स गुडइयर या माणसाला त्यावर तोड सापडली. त्याने रबरात गंधक घालून ते तापवले. मग ते रबर ऊन-थंडीला दाद देईना. आजही पक्के रबर असेच करतात. आता कारखान्यात केलेले कृत्रिम रबरही त्यात वापरतात. व्यायामशाळेतल्या जाड लाद्या तर पुष्कळदा जुन्या टायरांचा चुरा करून त्यापासून बनवतात.

गंधक घालून पक्के केलेले रबर पुन्हा वितळत नाही. तापवले तर ते जळते. म्हणून त्याचे सांधे तापवून जोडता येत नाहीत. बाजारात पी.व्ही.सी.चा पत्राही मिळतो. दिसायला तो तसाच. त्याचे सांधे मात्र गरम हवेने जोडतात. दोन्ही एकच समजू नका. काम हाती घेण्याआधी विचारा, हा माल रबराचा की पी.व्ही.सी.चा?

आधी खालची जमीन

रबर घालण्याआधी खालची सिमेंटची जमीन तीन गोष्टींत पास व्हावी लागते. ती सपाट हवी, स्वच्छ हवी आणि कोरडी हवी.

सपाट आहे का, ते पाहायला सहा फुटांची सरळ पट्टी घ्या. ती जमिनीवर आडवी-उभी फिरवा. पट्टीखालून उजेड दिसला, तर तिथे खळगा आहे. खळगा मसाल्याने भरा. उंचवटा असेल तर घासून काढा. रबर मऊ असते. खालचा खडा आणि खालची भेग, दोन्ही ते वर दाखवते.

स्वच्छ म्हणजे नुसते झाडून घेणे नव्हे. सिमेंटची भुकटी, तेलाचे डाग, रंगाचे ओघळ सगळे काढावे लागते. जुनी लादी किंवा काळा डांबरी थर असेल, तर तो कोरडा घासू नका. जुन्या मालात अ‍ॅस्बेस्टॉस असू शकते. त्याची धूळ छातीत गेली, तर वर्षांनी मोठा आजार होतो.

तिसरी गोष्ट कोरडेपणाची. इथेच बहुतेक काम फसते.

सिमेंट वरून पांढरे दिसले, म्हणजे आतून वाळले असे नाही. एक इंच जाडीचा थर चांगल्या हवेत वाळायला साधारण महिना लागतो. थर जाड असेल तर त्याहून पुष्कळ जास्त. पावसाळ्यात तर विचारूच नका. पार्ल्याला लागूनच सांताक्रूझ आहे. तिथे हवामान खात्याची वेधशाळा आहे. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत तिथे सरासरी सुमारे २,३०० मिलिमीटर, म्हणजे ९० इंच पाऊस पडतो. अशा हवेत सिमेंट वाळणार कसे?

ओल राहिली तर काय होते? भाताच्या पातेल्यावर झाकण ठेवले, की झाकणाला आतून पाणी सुटते. तसेच इथे होते. सिमेंटमधली ओल वर येऊ पाहते. रबर तिला बाहेर जाऊ देत नाही. मग ती रबराखाली साचते. सिमेंटचा खार तिच्याबरोबर वर येतो आणि चिकट सोल्यूशन मारून टाकतो. मग जागोजाग फुगे येतात. सांधे उचलतात.

ओल पाहण्याची एक सोपी रीत आहे. दीड फूट लांब आणि दीड फूट रुंद असा जाड प्लास्टिकचा कागद घ्या. तो जमिनीवर ठेवून चारी कडा चिकटपट्टीने बंद करा. हवा जाता कामा नये. एक दिवस आणि एक रात्र तसाच राहू द्या. मग उघडून पाहा. कागदाला आतून पाण्याचे थेंब आले असतील, किंवा खालचे सिमेंट काळसर झाले असेल, तर जमीन ओली आहे. एकाच जागी पाहू नका. कोपऱ्यात, मध्ये, मोरीच्या भिंतीजवळ, असे तीन-चार ठिकाणी पाहा. कागद कोरडा निघाला म्हणजेही सगळी खात्री झाली असे नाही. मोठ्या कामावर ओल मोजायचे यंत्र लावतात.

तळमजल्यावर आणखी जपावे लागते. तिथे ओल जमिनीतूनच येते. काँक्रीटखाली ओल अडवणारा थर घातलेला नसेल, तर ती कधीच संपत नाही. तिथे आधी तो बंदोबस्त करावा लागतो.

घाईचे काम

समजा, जुलै महिना आहे. पार्ल्यात एका नव्या व्यायामशाळेचे काम चालले आहे. रविवारी उद्घाटन आहे. कंत्राटदार म्हणतो, "आजच्या आज टाकून मोकळे व्हा." गडी म्हणतो, "बरं शेठ." त्याने प्लास्टिक लावून पाहिले नाही. रबर घातले. छान दिसले. फोटो निघाले.

तीन आठवड्यांनी फुगे आले. आता दोष कुणाचा? कंत्राटदार गड्याकडे बोट दाखवतो. राहिलेली मजुरी अडकते. फुकट येऊन पुन्हा काम करावे लागते. माल वाया गेला, तर त्याचे पैसेही कापले जातात. वरून कीर्तन, आतून तमाशा. त्यात मरतो तो गडीच.

मग त्याने काय करायला हवे होते? भांडायला नको होते. प्लास्टिक लावून शेठला बोलावून दाखवायला हवे होते: "शेठ, हे पाणी बघा. आज सोल्यूशन लावले तर फुगणार. आठ दिवस पंखे लावू. नाहीतर ओल अडवणारा थर मारू. तरी आजच घालायचे असेल, तर तसे लिहून द्या." लिहून द्या म्हटले, की पुष्कळांची घाई कमी होते. आणि लिहून मिळाले, तर पुढे बोलायला तोंड राहते.

माप आणि मांडणी

रबर दोन तऱ्हांनी येते. एक गुंडाळी, दुसरी चौकोनी लादी. गुंडाळी आणल्या आणल्या घालू नका. ती खोलीत उलगडून निदान एक दिवस पडू द्या. गुंडाळलेले रबर ताणलेले असते. त्याला सैल व्हायला वेळ द्यावा. सगळा माल एकाच घाण्यातला आहे ना, तेही पाहा. वेष्टनावर घाण्याचा नंबर असतो. नंबर वेगळा असेल, तर रंगात फरक पडू शकतो.

आता लादीचा हिशेब करू. खोली २० फूट लांब, १५ फूट रुंद. क्षेत्रफळ २० गुणिले १५, म्हणजे ३०० चौरस फूट. लादी २ फूट लांब, २ फूट रुंद, म्हणजे ४ चौरस फूट. ३०० भागिले ४, म्हणजे ७५ लाद्या. झाला हिशेब?

नाही झाला. लांबीत २० फुटांत बरोबर १० लाद्या बसतात. रुंदीत १५ फुटांत मात्र साडेसात. एक ओळ बरोबर मध्यावर धरून मांडली, तर मध्ये ७ पुऱ्या लाद्या बसतात आणि दोन्ही भिंतींकडे सहा-सहा इंचांच्या पट्ट्या उरतात. इतकी बारीक पट्टी लवकर उचलते आणि दिसायलाही वाईट. म्हणून लादीऐवजी सांधा मध्यावर घ्यायचा. मग मध्ये ६ पुऱ्या लाद्या आणि दोन्हीकडे दीड-दीड फुटाचे तुकडे येतात. कडेचा तुकडा अर्ध्या लादीपेक्षा मोठा असावा, हा नियम पाळला गेला. पण एका लादीतून दीड फुटाचा एकच तुकडा निघतो. म्हणजे एका ओळीला ८ लाद्या लागल्या. अशा १० ओळी. एकूण ८० लाद्या. वर चार-पाच जास्त ठेवाव्या. नुसता भागाकार करून ७५ आणल्या असत्या, तर शेवटी काम अडले असते.

मध्य काढायला समोरासमोरच्या भिंतींचे मधले बिंदू घ्या. त्यांवर खडू लावलेली दोरी ताणून झटका द्या. अशा दोन रेघा एकमेकींना कापतात. त्या काटकोनात आहेत का, ते असे पाहा: एका रेघेवर ३ फूट मोजा, दुसरीवर ४ फूट मोजा. त्या दोन खुणांमधले तिरपे अंतर बरोबर ५ फूट आले, तर गुण्या बरोबर आहे. मग सोल्यूशन न लावता लाद्या नुसत्या मांडून पाहा. चूक असेल, तर ती इथेच दिसते.

चिकटवणे

सायकलच्या ट्यूबला पंक्चर काढताना तुम्ही पाहिले असेल. आधी ट्यूब घासतात. मग ट्यूबला आणि तुकड्याला सोल्यूशन लावतात. मग थांबतात. ते सुकत आले, बोटाला लागेनासे झाले, की तुकडा दाबतात. लगेच दाबला तर सुटतो.

रबराच्या जमिनीचे एक सोल्यूशन असेच असते. जमिनीला आणि रबराच्या पाठीला, दोन्हीकडे लावायचे. बोटाला चिकटेनासे झाले, की रबर टेकवायचे. एकदा टेकले, की सरकत नाही. म्हणून दोघांनी मिळून, रेघ पाहून, एका टोकापासून हळूहळू बसवत जायचे.

दुसऱ्या जातीचे सोल्यूशन फक्त जमिनीला लावतात. त्यात ओले असतानाच रबर बसवतात. दातेरी थापीने ते सारखे पसरवायचे. किती वेळ थांबायचे, ते प्रत्येक डब्याचे वेगळे असते. डब्यावर लिहिलेले असते. अंदाजाने करू नका.

रबर बसले, की जड रूळ आडवा आणि उभा फिरवा. खाली अडकलेली हवा मधून कडेकडे ढकला. सांध्यावर लहान हातरूळ दाबून चालवा. वर आलेले सोल्यूशन वाळायच्या आत पुसून काढा. एक दिवस त्यावर कुणाला चालू देऊ नका. जड सामान दोन-तीन दिवसांनी आणा. पाण्याने धुवायचे ते त्यानंतर, चार-पाच दिवसांनी.

मालकालाही दोन शब्द सांगून ठेवा. रबरावर रॉकेल, पेट्रोल, तेल पडू देऊ नका. त्याने रबर फुगते आणि सडते. डाग काढायला साबणाचे पाणी पुरे.

डब्यातला धोका

पुष्कळ सोल्यूशने पेट घेणारी असतात. डबा उघडला, की वाफ निघते. ही वाफ हवेपेक्षा जड असते. ती जमिनीवरून सरपटत दूरवर जाते. खोलीच्या दुसऱ्या टोकाला कुणी बिडी पेटवली, तरी भडका उडू शकतो. म्हणून काम चालू असताना बिडी नको, शेगडी नको, ठिणगी उडवणारे यंत्र नको. विजेचे बटण दाबतानाही ठिणगी पडते. ते आधीच पाहून घ्या.

दारे-खिडक्या उघड्या ठेवा. बंद खोलीत एकट्याने काम करू नका. डोके जड झाले, चक्कर आली, की उठा आणि बाहेर जा. सवय होईल म्हणून बसून राहू नका. ती सवय नव्हे, ते विष आहे.

गुडघ्यांनाही जपा. हे काम दिवसभर गुडघ्यांवर चालते. गुडघ्याला गादीची टोपी बांधा. नसेल तर रबराचा वाया गेलेला तुकडा दुमडून खाली घ्या. गुडघे गेले, की धंदा गेला.

मजुरीचे माप

१९५६ सालच्या कायद्याने देशात मीटर-किलोची मापे आणली. पण घरकामात फूट अजून चालतो. दोन मापे चालतात, तिथे गड्याने सावध असावे.

समजा, तुम्ही २० रुपये चौरस फुटाने काम ठरवले. ३०० चौरस फुटांचे ६,००० रुपये झाले. दुसरा कंत्राटदार म्हणतो, "मी चौरस मीटरला १५० रुपये देतो." ऐकायला १५० मोठे वाटते. पण एका चौरस मीटरमध्ये पावणेअकरा चौरस फूट असतात. तीच खोली सुमारे पावणेअठ्ठावीस चौरस मीटर भरते. तिचे सुमारे ४,१८० रुपये होतात. म्हणजे मोठा आकडा ऐकून जवळजवळ १,८०० रुपये गेले. दर ऐकताना आधी विचारा: फुटाचा की मीटरचा?

शिकावे कसे?

बहुतेक जण जाणत्या मिस्त्रीच्या हाताखाली शिकतात. शहरात शिकवणाऱ्या संस्थाही आहेत. मुंबईत वरळीला १९६७ साली देशातले पहिले श्रमिक विद्यापीठ निघाले. काम करणाऱ्या माणसाला हातकाम आणि अक्षर दोन्ही मिळावे, हा त्याचा हेतू होता. पुढे देशभरच्या अशा संस्थांना 'जन शिक्षण संस्थान' हे नाव मिळाले.

आणखी एक काम विसरू नका. बांधकाम मजुरांसाठी १९९६ साली कायदा झाला. त्याप्रमाणे महाराष्ट्रात कल्याणकारी मंडळ आहे. वय १८ ते ६० असावे आणि मागच्या बारा महिन्यांत ९० दिवस बांधकामाचे काम केलेले असावे. मग नाव नोंदवता येते. ९० दिवसांचा दाखला लागतो. म्हणून कोणत्या तारखेला, कुणाकडे, किती दिवस काम केले, ते लिहून ठेवा.

वही आणि पेन

डब्यावरचा मजकूर पुष्कळदा इंग्रजीत असतो. त्यात लाज वाटायचे कारण नाही. पहिल्या दिवशी जाणत्याला वाचून दाखवायला सांगा. मग डब्यावर कागद चिकटवून आपल्या अक्षरात लिहा: "दोन्हीकडे लावणे. वीस मिनिटे थांबणे. आगीपासून दूर." मिनिटे मात्र त्या त्या डब्याप्रमाणे लिहा. दुसऱ्या गड्यालाही ते वाचता येईल.

खिशात लहान वही ठेवा. प्रत्येक कामाला एक पान. त्यावर तारीख, जागा, लांबी, रुंदी, घाण्याचा नंबर, प्लास्टिक कोरडे निघाले की ओले, आणि ठरलेला दर, एवढे लिहा. सहा महिन्यांनी कुणी म्हणाला, "तुमचे काम फुगले," तर ते पान उघडून दाखवता येते.

सरळ पट्टी, खडूची दोरी, कटर, दातेरी थापी आणि रूळ, ही या धंद्याची हत्यारे. वही आणि पेन हीही त्यांतलीच समजा. ती तर तुमच्याजवळ आता आहेतच.